उपटसुंभ कावळा आणि जात्रेतलं नाटक

लंडनहून स्ट्रॅटफर्डच्या घरी पोचल्यावर विल्यम शेक्सपिअर पहिलं काम काय करतो, तर प्रवासाच्या नावानं बोटं मोडतो. गाडी मध्येच का थांबली, थांबली ते थांबली पण का थांबली हे सांगायला कोणी का नव्हतं, बाजूला बसलेला माणूस कसला होता. बायको अ‍ॅन मुकाट ऐकून घेते. पुढच्या खेपेलाही हेच ऐकायचंय हे तिला ठाऊक असतं. ‘अपस्टार्ट क्रो’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेत हे रडगाणं पुन्हापुन्हा येतं आणि मला ते दरवेळी तितकंच आवडतं. फोंडा-पणजी ये-जा करण्यात अर्धी नोकरी गेलेल्या माणसाला आवडणारच. बाणस्तारीच्या पुलाअलीकडे बस ठप्प उभी राहिली की माझ्या तोंडून जे बाहेर पडतं, ते जवळपास तेच असतं. फक्त ते लिहून ठेवायला मालिकेच्या लेखकासारखा कोणी बेन एल्टन शेजारच्या सीटवर नसतो.

खरं तर १५९०च्या दशकात स्ट्रॅटफर्ड ते लंडन अशी प्रवासी गाड्यांची नियमित सेवाच नव्हती. अंतर साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर. लोक घोड्यावर जात, नाहीतर पायी. सामानसुमान, पत्रं वगैरे मालवाहू गाडीवाल्याच्या हवाली करत. म्हणजे हा टोला शेक्सपिअरच्या काळाला नाही, आजच्या इंग्लंडातल्या रेल्वेला आहे. ते मला स्विंडनच्या भाच्यानं समजावलं. पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे गेलेल्या आमच्या बऱ्याच गोंयकारांसारखा तोही एका गोदामात रात्रपाळी करतो. चवथीला घरी आला तेव्हा डीव्हीडीचा संच माझ्या हातात ठेवून म्हणाला, “मामा, तुज्या सारकोच मनीस आसा हातूंत.” आता शेक्सपिअर माझ्यासारखा म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? पण नंतर कळलं, त्याला म्हणायचं होतं की हाही सारखा कुरकुरतो, टक्कल पडलंय हे कबूल करत नाही आणि घरात त्याचं कोणी ऐकत नाही.

(तिकडची डीव्हीडी आपल्या प्लेअरवर चालत नाही, रिजन वेगळा असतो. शेवटी मुलीच्या लॅपटॉपला टीव्ही जोडून पाहिली. कोणी मागवणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा.)

आता मी कोण, तेही सांगून टाकतो. मी आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. जात्रेला देवळासमोर जे नाटक होतं त्यात तीन अंक विंगेत स्टुलावर बसून, पुस्तकावर बॅटरी मारत, विसरलेल्यांना वाक्य पुरवणारा. प्रेक्षकांना मी दिसत नाही. नटांना मी फक्त अडल्यावर आठवतो. पण नाटक लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल हे गावात कोणाला कळत असेल तर ते प्रॉम्प्टरलाच, असं माझं मत आहे. त्याच्या प्रत्येक शब्दावरून बोट फिरवणारा तोच एकटा असतो. नट आपापल्या वाक्यांपुरता जागा असतो.

म्हणून ही मालिका मी विद्यार्थ्यासारखी नाही, नाट्यमंडळातल्या माणसासारखी पाहिली. आणि माझ्या लेखी तिचं यश हेच आहे की तिनं शेक्सपिअरला देव्हाऱ्यातून उचलून परत नाटक कंपनीत आणून बसवलं.

मालिका सुरू झाली ९ मे २०१६ रोजी, शेक्सपिअरच्या मृत्यूला ४०० वर्षं झाली त्या साली. २०१८पर्यंत तिचे तीन हंगाम झाले, शिवाय नाताळचे खास भाग. लिहिणारा बेन एल्टन, ‘ब्लॅकअ‍ॅडर’ या जुन्या विनोदी मालिकेच्या लेखकांपैकी एक. शेक्सपिअर झालाय डेव्हिड मिचेल. तो अगदी मध्यमवर्गीय चिडका माणूस उभा करतो. हुशार आहे आणि आपण हुशार आहोत हे त्याला माहीत आहे. ते इतरांना का दिसत नाही हे मात्र त्याला कळत नाही. त्याचा विनोद ऐकून कोणी हसलं नाही की तो सांगतो, नीट अभ्यास केलात तर माझं लिखाण खरोखर फार विनोदी आहे. शाळेत तळटीपा वाचत शेक्सपिअर शिकलेल्या प्रत्येकाला हे वाक्य जिथे लागायचं तिथे लागतं.

मालिकेचं नाव आलंय एका शिवीवरून. रॉबर्ट ग्रीन नावाचा नाटककार १५९२ साली मेला. त्याच्या नावावर लगोलग एक पुस्तिका छापली गेली आणि तीत एका नव्या नटावर तोंडसुख घेतलं होतं. आमच्या पिसांनी नटलेला हा उपटसुंभ कावळा, स्वतःला देशातला एकमेव ‘शेक-सीन’ (शेक्सपिअरच्या नावावरची कोटी) समजतो, अशा अर्थाचं. ग्रीन केंब्रिजचा पदवीधर. शेक्सपिअर हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअरची दखल घेतल्याचा हा आपल्याला सापडणारा पहिला छापील पुरावा, आणि तो असा, मत्सरानं लिहिलेला. मालिकेत मात्र ग्रीनला मरू दिलेलं नाही. मार्क हीपनं त्याला असा रंगवलाय की बोलताना ओठ मुडपतो, चालताना अंगरखा सावरतो, आणि शेक्सपिअर समोर आला की चेहऱ्यावर कोकम सरबतात मीठ जास्त पडल्यासारखे भाव आणतो. वर त्याला दरबाराच्या करमणूक खात्याचा अधिकारी केलंय, म्हणजे परवानगी त्याच्या हातात. खऱ्या इतिहासात ते काम एडमंड टिलनी नावाचा माणूस करत असे. पण विनोदाला एकच खलनायक पुरतो, दोन कशाला.

गंमत अशी की खरा ग्रीन मालिकेतल्या ग्रीनपेक्षाही भारी होता. त्याच्यावर त्याच्या हयातीतच आरोप झाला होता की ‘ओर्लांदो फ्युरिओसो’ हे नाटक त्यानं एका कंपनीला विकलं, आणि ती कंपनी दौऱ्यावर गावोगाव गेल्याचं पाहून तेच नाटक दुसऱ्या कंपनीलाही विकलं. नीतीचे धडे देणारा हा माणूस! आणि त्याच नाटकातली ओर्लांदोची नक्कल, म्हणजे नटासाठी उतरवून दिलेली त्याच्यापुरती वाक्यं, आज लंडनच्या डलिच कॉलेजात जपून ठेवलेली आहे. एडवर्ड अ‍ॅलन या त्या काळच्या बड्या नटाची ती. कागदाच्या लांब पट्ट्या, त्यावर फक्त त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी दुसऱ्या नटाच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. एलिझाबेथच्या काळातल्या धंदेवाईक रंगभूमीवरची तेवढी एकच नक्कल टिकून राहिली आहे.

हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो. कारण आमच्याकडे अगदी असंच चालायचं. झेरॉक्सची मशीन फोंड्यात यायच्या आधी नाटकाचं पुस्तक मंडळात एकच असे. माझे काका रात्री दिव्याखाली बसून प्रत्येकाची नक्कल उतरवून देत. दुरेघी वहीची पानं, डावीकडे बारीक अक्षरात समोरच्याच्या वाक्याची शेपटी, उजवीकडे आपलं वाक्य. संपूर्ण नाटक नटांनी वाचलेलंच नसायचं. आमच्या एका दूताला रंगीत तालमीपर्यंत ठाऊक नव्हतं की आपण आणलेल्या निरोपामुळे राजा मरतो. तो बिचारा हसतमुखानं निरोप सांगायचा.

शेक्सपिअरचे नट याहून वेगळे नव्हते. पुस्तक महाग, नक्कल करणारा महाग, आणि पूर्ण प्रत बाहेर गेली तर दुसरी कंपनी चोरणार. नाटककाराला एका नाटकाचे साधारण सहा पौंड मिळायचे. फिलिप हेन्स्लो या थिएटरमालकाच्या हिशेबाच्या वहीत असे आकडे सापडतात. एकदा पैसे मोजले की नाटक कंपनीचं. मालिकेत कंपनीचा मुख्य नट बर्बेज येऊन ‘नवीन नाटक कुठंय’ म्हणून तगादा लावतो आणि विल टाळाटाळ करतो. हा खरा शेक्सपिअर, निदान खऱ्याच्या जवळचा. स्फूर्ती आली म्हणून नव्हे, तारीख जवळ आली म्हणून लिहिणारा.

माझी प्रॉम्प्टची वही पाहिलीत तर तुम्हाला हे पटेल. समोर उघडी आहे म्हणून सांगतो. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’, दुसरा अंक. पानाच्या डाव्या कडेला गोडेतेलाचा डाग, तो समईचा. निळ्या पेन्सिलीनं काटलेला अर्धा परिच्छेद, बाजूला ‘वेळ’ एवढंच लिहिलंय, कारण रात्री दहानंतर लाउडस्पीकरचा प्रश्न येतो आणि आमचं नाटक सुरूच नऊला होतं. खाली लाल अक्षरात ‘इथे पडदा अडकतो, दोन वाक्यं जास्त बोल’. आणि पात्रांची नावं? सुधाकर, तळीराम वगैरे काही नाही. ‘गुरुदास’, ‘शांबा’, ‘मास्तर’. जो नट, त्याचं नाव. प्रॉम्प्ट करताना मला सुधाकर दिसत नाही, गुरुदास दिसतो आणि तो कुठे अडकणार हे मला आधी कळतं.

‘मच अ‍ॅडो अबाउट नथिंग’ १६००मध्ये छापलं गेलं त्यात असंच झालंय. डॉगबेरी या विनोदी शिपायाच्या वाक्यांपुढे काही ठिकाणी पात्राचं नाव नसून ‘केम्प’ असं नटाचंच नाव छापलंय. विल केम्प, कंपनीचा विदूषक. शेक्सपिअर लिहिताना शिपाई बघत नव्हता, केम्प बघत होता. हे मला एका व्याख्यानात कोणी सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरलो असतो. माझ्या वहीशेजारी ठेवून पाहिल्यावर मात्र वाटलं, हा माणूस आपल्या विंगेतला आहे.

केम्प मालिकेतही आहे. स्पेन्सर जोन्सनं तो केलाय. आपणच नव्या विनोदाचे बादशहा आहोत आणि हे जुनाट लेखक आपल्याला काय शिकवणार, असा त्याचा आव. तालमीत लेखकानं दिलेलं वाक्य तो चिमटीत धरल्यासारखं वाचतो. इंग्लंडातल्या प्रेक्षकाला त्यात तिकडचा विनोदी नट रिकी जर्व्हेस दिसतो. मला आमचा तळीराम दिसला.

आमचा तळीराम म्हणजे शांबाबाब. ‘आर्य मदिरामंडळा’चा प्रवेश आला की हा माणूस गडकऱ्यांना सोडून निघतो. काजूची फेणी येते, मांडवीतली कसिनोची बोट येते, मागच्या रांगेत बसलेल्या पंचाचं नाव येतं. प्रेक्षक खुर्च्या मोडायच्या बेतात. मी विंगेतून पुढचं वाक्य ओरडतोय आणि तो माझ्याकडे बघून प्रेक्षकांना सांगतो, “तो पळे, गडकरी बोवाळ घालता!” (तो बघा, गडकरी ओरडतोय!) टाळ्या. एका बाजूनं मला संताप येतो, कारण गडकऱ्यांनी तो प्रवेश असा घासून लिहिलाय की त्यात खिळा ठोकायला जागा नाही. दुसऱ्या बाजूनं, मी स्वतः हसत असतो.

हॅम्लेट नटांना बजावतो की विदूषकांनी लिहून दिलंय त्यापेक्षा जास्त बोलू नये, ते शेक्सपिअरनं केम्पला उद्देशून लिहिलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. केम्पनं त्या सुमारास कंपनी सोडली होती. पुढे १६००मध्ये तो लंडनहून नॉर्विचपर्यंत नाचत गेला आणि त्यावर पुस्तिका लिहून पैसे कमावले. म्हणजे भांडण झालं असेल तर त्यात कोण जिंकलं सांगणं कठीण. आमच्या पेडणे-डिचोलीकडच्या दशावताऱ्यांना हा वादच हास्यास्पद वाटेल. तिथे लिहून दिलेलं काही नसतंच. रंग लावता लावता कथानक ठरतं, देव-दानव कोण ते ठरतं, आणि राजे भरजरी वेशात उभ्या उभ्या संवाद रचतात. संकासुर तर गावात आज काय घडलं ते विचारूनच मांडावर येतो. त्यांच्यासमोर हॅम्लेटचा उपदेश वाचून दाखवला तर ते विचारतील, ‘बरयलां कोणें? आनी कित्याक?’ म्हणजे लिहिलं कोणी, आणि कशाला?

या मालिकेतलं माझं सगळ्यात लाडकं पात्र मात्र कॉन्डेल. डॉमिनिक कोलमन या नटानं केलंय. कंपनीत बायकांची कामं करणारा, वय झालेला, दाढीचे खुंट झाकत ज्युलिएट होऊ पाहणारा आणि आपल्या जागेवर दुसरं कोणी येईल या भीतीनं कायम टांगणीला लागलेला. खरा हेन्री कॉन्डेल स्त्रीभूमिका करत होता असा पुरावा नाही. त्याचं नाव वेगळ्या कारणासाठी घ्यायला हवं. जॉन हेमिंग्ज आणि त्यानं मिळून १६२३मध्ये मित्राची ३६ नाटकं एका जाडजूड ग्रंथात छापली. त्यातली १८ आधी कधी छापलीच नव्हती. हे दोघे नट जागे राहिले नसते तर ‘मॅकबेथ’ आज नसतं, ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नसतं. नाटककाराला अमर करणारे विद्यापीठवाले नव्हते, बरोबर रंग लावणारे होते. हे वाचल्यापासून मी आमची जुनी पुस्तकं वाळवीपासून वाचवायला लोखंडी कपाट मागतोय. समितीपुढे विषय आहे.

तर कॉन्डेल पाहून मला आमचे स्त्रीपार्टी आठवले. आमच्या मंडळात एक गृहस्थ होते, आता नाहीत. दिवसा बागायतीत पोफळीवर चढणारे. हाताला घट्टे, पिंढऱ्या दगडासारख्या. जात्रेच्या दिवशी दुपारी एकदा आणि रंगायच्या आधी पुन्हा एकदा गुळगुळीत दाढी करत, हातावर खोबरेल चोळत आणि नऊवारी नेसून आरशासमोर बसले की बोलणं बंद. चहासुद्धा ‘एकच प्याला’तल्या सिंधूसारखा घेत, बशीत ओतून, पदर सावरत. मग गावात बाहेरून नटी आणायची पद्धत सुरू झाली. नटी आदल्या दिवशी येणार, एक तालीम, दुसऱ्या रात्री प्रयोग, मानधन पाकिटात. त्या वर्षी या गृहस्थांनी पडदा ओढायचं काम मागून घेतलं. नटीचं पाठांतर चोख होतं, गळा गोड होता, सगळं खरं. पण तिसऱ्या अंकात तिचा पदर सुटला तेव्हा पडद्याच्या दोरीजवळून ह्यांचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडे गेला. ते फक्त मी पाहिलं.

मालिकेत याच गोष्टीची दुसरी बाजू केट आहे, शेक्सपिअरच्या घरमालकिणीची मुलगी. जेमा व्हेलननं केलेली. वाचलेली, विचार करणारी, विलपेक्षा बऱ्याचदा शहाणी. तिला नटी व्हायचंय आणि प्रत्येक भागात कोणीतरी तिला सांगतं की बाईनं रंगभूमीवर येणं म्हणजे भलतंच. इंग्लंडात सार्वजनिक रंगभूमीवर बायका आल्या त्या १६६०नंतर. गोव्यातली गोष्ट याहून गुंतागुंतीची. आमच्याकडे बायका गात होत्या, नाचत होत्या, नाटकातही होत्या, पण देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या. कुर्डीच्या मोगूबाई १९१३मध्ये, नऊ वर्षांच्या असताना, चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत दाखल झाल्या. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेल्या. तिथे पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करत. गाणं मोठं झालं म्हणून आज आपण आदरानं नाव घेतो, त्यांचं कुर्डी गाव मात्र साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणजे केटला दार बंद होतं. इथे दार उघडं होतं, पण आत जाणारीला समाज काय म्हणणार ते दारावर आधीच लिहून ठेवलेलं. कुठलं बरं, असं विचारू नका. केटला जेव्हा लोक हसतात तेव्हा माझी मुलगी हसत नाही, एवढं मी पाहिलंय.

बेन एल्टनबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्यानं लेखकांना टीव्हीवर आणलं ते काही पहिल्यांदा नव्हे. १९८७च्या ‘ब्लॅकअ‍ॅडर’मध्ये रॉबी कोल्ट्रेन डॉक्टर जॉन्सन होतो. १७५५मध्ये छापलेला त्याचा तो प्रचंड शब्दकोश बाल्ड्रिक नावाचा नोकर शेकोटीत घालतो, आणि ब्लॅकअ‍ॅडर रात्रीत नवा लिहायला बसतो. त्याच भागात बायरन, शेली, कोलरिज खानावळीत खोकत बसलेले. जॉन्सन मेला तेव्हा कोलरिज बारा वर्षांचा होता आणि बाकीचे दोघे जन्मलेच नव्हते, पण कोण बघतंय. तिथे लेखक म्हणजे बाहेरून पाहिलेलं सोंग. जाडा जॉन्सन, खोकणारे कवी, झालं. मग २०००च्या सुमारास ‘ब्लॅकअ‍ॅडर’च्या त्या एका खास भागात कॉलिन फर्थ शेक्सपिअर होऊन येतो, आणि ब्लॅकअ‍ॅडर त्याला सरळ ठोसा मारतो, पुढच्या चारशे वर्षांतल्या सगळ्या शाळकरी पोरांच्या वतीनं. वर नट-दिग्दर्शक केनेथ ब्रॅनाच्या चार तासांच्या ‘हॅम्लेट’बद्दल एक लाथ. आणि तोच एल्टन पुढे त्याच शेक्सपिअरला चूल, आई-बाप, वयात आलेली चिडकी मुलगी आणि टक्कल देतो, आणि २०१८च्या नाताळच्या भागात चक्क ब्रॅनालाच पाहुणा म्हणून बोलावतो. मधल्या वर्षांत एल्टनचं स्वतःचंही नाटक-सिनेमावाल्यांकडून बरंच ऐकून झालं असणार. ठोसा मारणारा पोरगा होता, चूल देणारा नवरा आणि बाप आहे, एवढा फरक.

त्या मुलीचा, सुझॅनाचा, पहिल्याच भागातला प्रसंग बघा. विल ज्युलिएटची वाक्यं तिच्याकडून वाचून घेतो. पोरगी तेराची, ज्युलिएटही तेराची. तोंड वेंगाडून ती विचारते, असं कोण बोलतं? बाप म्हणतो, हे काव्य आहे. ती वैतागलेली. घरी नाटक वाचून दाखवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला अशी सुझॅना येते. आमच्याकडे तर आई पण आहे. टीव्हीवर शेक्सपिअर पाहून तिनं विचारलं, “हो कोण रे? पोस्टमना सारको दिसता.” मी म्हटलं, तो नाटकं लिहितो. म्हणाली, मग नोकरी कुठे करतो? हा प्रश्न मालिकेत त्याचे आई-वडील वेगळ्या शब्दांत तीन हंगाम विचारत असतात. बाप जॉन, म्हणजे हॅरी एन्फिल्ड, पैशाच्या भानगडींत अडकलेला, मुलाच्या कमाईवर डोळा ठेवून असलेला. तेही खऱ्याच्या जवळ. खरा जॉन १५६८मध्ये गावचा प्रमुख झाला आणि नंतर बेकायदा लोकरीचा धंदा आणि सावकारीपायी अडचणीत आला.

प्रत्येक भागाच्या शेवटी विल आणि अ‍ॅन शेकोटीपाशी पाइप ओढत बसतात. तो नव्या नाटकाबद्दल सांगतो, ती साध्या शब्दांत त्याला उत्तर देते आणि बहुतेक वेळा तीच बरोबर असते. तिसऱ्या हंगामाच्या शेवटच्या भागात मात्र विनोद थांबतो. १५९६च्या ऑगस्टमध्ये हॅम्नेट, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा, जुळ्यांतला एक, मरतो. विल लंडनच्या मानमरातबात गुंतलेला, घरी येतो तेव्हा उशीर झालेला. शेकोटी तीच. ‘किंग जॉन’ नाटकातल्या, मूल गमावलेल्या आईच्या ओळी ऐकू येतात. दुःख माझ्या लेकराची जागा भरून काढतं, त्याच्या बिछान्यावर निजतं, अशा. हशा कुठेही नाही. काहींना हे विनोदी मालिकेत खटकलं असेल. मला नाही खटकलं, कारण तीन हंगाम जो माणूस गाडी उशिरा आली म्हणून ओरडत होता, त्याच्या ओरडण्याचा अर्थच बदलून जातो. विद्वानांना त्या ओळी हॅम्नेटच्या आधीच्या की नंतरच्या यावर वाद घालू दे. मला बापाचा प्रवास पुरेसा आहे.

हे सगळं पाहून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शेक्सपिअरला आपण फार पूर्वी आपलंसं केलं. आगरकरांनी १८८३मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’. नाटकं घेतली, पण नाटककाराला हसायची पद्धत काही घेतली नाही. आमचे नाटककार तसबिरीत. हार वर्षातून एकदा, भाषण तेवढ्याच वेळा. आणि राम गणेश गडकरी तर काय मालिकेचं पात्र आहे! किर्लोस्कर नाटक मंडळीत पोरांना शिकवणारा मास्तर. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला स्वतः. ‘एकच प्याला’ लिहिलं, पण पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी केली, आणि गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं तेव्हा लेखक हयात नव्हता. १९१९च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी गेला. कल्पना करा, समोर बालगंधर्वांचा शालू, मागे मॅनेजरचा तगादा, बाजूला आगाऊ नट, आणि मध्ये बिऱ्हाडाच्या खोलीत बसून हा माणूस दारूड्याचं वाक्य सातव्यांदा खोडतोय.

समितीच्या बैठकीत मी हे मांडलं. जात्रेला मुख्य नाटकाआधी अर्ध्या तासाची एकांकिका, गडकरी पात्र, विनोदी. सभामंडपात पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग गुरुदासबाब म्हणाले, “तकली फिरल्या तुजी? २०१७त पुण्यात पुतळो मोडून न्हंयत उडयलो, विसरलो?” ते खरं होतं. ‘राजसंन्यास’ या त्यांच्या नाटकावरून संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा त्या जानेवारीत फोडून मुठेत टाकला गेला होता. मी म्हटलं, पुतळ्याला हात लावणारे गडकरी वाचत नाहीत, आणि आम्ही त्यांना हसणार ते त्यांचंच वाचून. मास्तरांनी विचारलं, “हसायचं म्हणजे नेमकं कोणाला? गडकऱ्यांना की आपल्याला?” ह्यावर मी बोलायच्या आत शांबाबाब उठले आणि म्हणाले, तळीराम लेखकाला स्वप्नात भेटायला येतो असा प्रवेश असेल तर मी करीन, वाक्यं लिहून द्यायची गरज नाही.

विषय पुढच्या बैठकीवर गेलाय. कपाटाचाही तिथेच आहे. पण त्यानंतर दोन निरोप आलेत. एक, गडकऱ्यांच्या खोलीला नेपथ्य म्हणून देवळातली जुनी घडवंची मिळेल. दुसरा, मास्तरांचा: बालगंधर्व मी करीन, मिशी काढायची तयारी आहे, फक्त शालू भाड्याचा नको.